रिकामी गिरण

त्या वर्षी विहिरींचं पाणी खाली गेलं आणि मोटारी जळायला लागल्या. पंपात पाण्याऐवजी हवा शिरली की मोटार तापते, तापली की आतली तांब्याची तार जळते, आणि तार जळली की मोटार मिस्त्रीकडे येते. मिस्त्रीच्या अंगणात जळक्या मोटारी दवाखान्याबाहेर माणसं बसावीत तशा ओळीनं पडून होत्या. आसपासच्या सहा वस्त्यांत जळकी तार काढून नव्या तारेनं मोटार भरून देणारा तो एकटा. त्यामुळे त्या वर्षी तो रस्त्यानं निघाला की लोक सायकलवरून उतरून त्याची विचारपूस करत.

मिस्त्रीच्या घराला लागून काकूंची पिठाची गिरण होती. मधली भिंत एकच. इकडून गिरण, तिकडून मिस्त्रीची खोली. वीज सकाळी दहाला यायची आणि चारला जायची, म्हणून साडेनऊपासूनच बायका डबे रांगेत लावून बसत. काकूंचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दळण टाकणं, पट्टा चढवणं, झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावणं, सगळं काकूच करत. छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या दिसत आणि धुतल्यावरही फारशा काळ्या होत नसत.

भिंतीपलीकडे आवाज चढला की काकू गिरण सुरू करत.

हे कधी सुरू झालं ते त्यांना नीट आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी पलीकडे भांडं पडलं, मग काहीतरी जड आपटलं, आणि मिस्त्रीणीचा आवाज आला. रांगेत दहा बायका होत्या. दहाही जणींनी आपापल्या पायांकडे बघितलं. काकूंना कुणीतरी आपल्यासमोर उघडं पडल्यासारखं वाटलं आणि त्यांनी बटण दाबलं. गिरणीच्या घरघरीत सगळं बुडून गेलं. पोरीची अब्रू झाकली, असं त्यांना वाटलं. पुढे ते अंगवळणीच पडलं. पलीकडे पहिला शब्द चढला की रांगेतलीच कुणीतरी म्हणायची, "काकू, लावा गिरण." दळण तयार असो वा नसो, काकू लावत.

पण गिरण रिकामी चालवू नये, हे गिरणीवाल्याला सांगावं लागत नाही. मध्ये दाणा नसला की दगड दगडाला खातो. त्याची बारीक कच पुढच्या दळणात उतरते. त्या उन्हाळ्यात पिठाच्या तक्रारी सुरू झाल्या.

"काकू, ह्यांचा दात हलला तुमच्या पिठानं," शिंपीण म्हणाली. ही बसस्टँडजवळ मशीन टाकून बसायची आणि तिच्या जिभेला कात्रीइतकीच धार होती. "तसा तो आधीच हलत होता म्हणा. पण नाव तुमचं घेतायत."

"टाकी लावायला झालीय दगडांना," काकू म्हणाल्या.

"मागच्याच आठवड्यात लावलीत की."

काकूंनी डबा उचलला आणि वजनकाट्यावर ठेवला. खरं कारण त्यांना ठाऊक होतं.

*

दवाखान्यातल्या नर्सताई एका सोमवारी कागदांची गुंडाळी घेऊन आल्या. मधेच वीज गेली होती आणि नऊ बायका पदरानं वारा घेत बसल्या होत्या. नर्सताईंना हेच हवं होतं.

"अख्ख्या गावात बाईला तासभर बसता येईल आणि का बसलीस असं कुणी विचारणार नाही, अशी जागा ही एकच," त्या म्हणाल्या आणि भिंतीवर कागद चिकटवायला लागल्या. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की घरात मारहाण होत असेल तर गप्प बसू नका, आणि खाली मदत केंद्राचा नंबर होता. फोनला खर्च नाही, नाव सांगायची सक्ती नाही.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," आत्या म्हणाली. ही साऱ्या गावाची आत्या. सत्तरी ओलांडलेली, एका कानानं बहिरी.

"काय नव्हतं आत्या? मार, की फोन?"

बायका हसल्या. आत्याही हसली, पण उशिरा.

"कुणाच्या घरात ओरडा ऐकू आला तर काय करायचं, हे सांगायला आलेय मी," नर्सताई म्हणाल्या. "आत घुसून भांडायचं नाही. दार वाजवायचं. साखर मागा, चाळण मागा, वेळ विचारा. मारणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की बाहेर कुणीतरी आहे."

नऊ जणी त्या कागदाकडे बघत होत्या; त्याच्या मागे कुठली भिंत आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात मिस्त्री आला. इस्त्रीचा सदरा, खिशात टेस्टर, चेहऱ्यावर हसू. काकूंच्या यजमानांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा यानंच गाडी मिळवली होती, हे काकू विसरल्या नव्हत्या. त्यानं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला, शाळेत धडा वाचावा तसा.

"छान आहे," तो म्हणाला. "नर्सताई, आम्हा गरीब पुरुषांसाठी एखादा नंबर?"

"आहे ना. तोच. बायकोचा हात उठला तर फोन करा, मी स्वतः येते."

तो मनापासून हसला. मग गिरणीच्या मोटारीपाशी वाकला आणि तिच्यावर हात फिरवला. "काकू, बेअरिंग बोलतंय. महिनाभर काढेल. मग माझ्याकडेच यावं लागणार." त्याच बोटानं त्यानं जाता जाता कागदावर टिचकी मारली. "एवढं मात्र काढा हं. भिंत माझीही आहे. आल्यागेल्याला वेगळं वाटतं."

नर्सताई गेल्यावर काकूंनी कागद काढला. चारही कोपरे न फाटता, हळूच काढला. बायकांनी पाहिलं. शिंपीणसुद्धा काही बोलली नाही, कारण तिच्या मशीनची मोटार मिस्त्रीच्या अंगणात पडून होती.

*

दोन दिवसांनी वीज यायच्या आधी मिस्त्रीण गव्हाचा डबा घेऊन आली. रांग अजून लागली नव्हती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं बांबूच्या पट्टीला बांधलेली होती. मोटारीच्या खाचेत तार दाबायला वापरतात ती पट्टी.

"काकू, एक सांगू? गिरण रिकामी नका चालवत जाऊ."

"अगं हो, कचकच येतेय ना. टाकी लावून घेते उद्या."

"पिठाचं नाही म्हणत." ती डब्याचं झाकण उघडत, लावत होती. "आधी हे जरा दबकून असायचे. भिंतीपलीकडे बायका बसल्यात, ऐकतील म्हणून. गिरण सुरू झाली की मोकळे होतात. आता तर कधी कधी हात उगारून थांबतात. गिरण सुरू व्हायची वाट बघतात."

मोटारीत कुठल्या जाडीची तार लागते ते सांगावं, तसं तिनं हे सांगितलं. काकूंच्या हातात गव्हाचं माप होतं. ते त्यांनी काट्यावर ठेवलं आणि काटा हलायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बोटं कशानं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तारेचे वेढे चुकले. मोजत होते आणि पोरीनं हाक मारली. मी ओ दिली, आकडा विसरले."

"वेढे तू घालतेस?"

"मग कोण? ह्यांचे हात जाड. खाचेत बसवताना तार सोलते. वेढे घालते, खाचा भरते, दोऱ्यानं बांधते. हे शेवटची जोडणी करतात आणि पोचवतात." ती थोडी हसली. "लोक म्हणतात मिस्त्रीच्या हातात जादू आहे."

ती गेल्यावर काकूंनी त्या दिवसापुरतं गिरणीला कुलूप घातलं. बायका आल्या, कुलूप बघून परत गेल्या. काकू मात्र डोक्यावर पदर घेऊन उन्हातून दवाखान्याकडे चालायला लागल्या. दोन मैलांची वाट होती. वाटेत दोनदा त्यांना वाटलं की परत फिरावं, आणि दोन्ही वेळा हात उगारून थांबलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

नर्सताईंनी सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तिला काय हवंय ते विचारलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी का आलात?"

काकूंना राग आला. एवढं ऊन तुडवून आल्यावर कुणी असं बोलतं का. पण परतीच्या वाटेवर तो राग विरत गेला, आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी काय विचारायचं ते ठरवलं होतं.

मिस्त्रीणीचं उत्तर तयार होतं. एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते तसंच पडून होतं. "मला पळून जायचं नाही काकू. पोरीची शाळा आहे. त्या वेळी कुणीतरी दाराशी असावं, एवढंच. दाराशी माणूस दिसलं तर मी बाहेर पडेन. एकटीला उंबरा ओलांडता येत नाही, मागून केस धरतात."

"आणि बाहेर पडल्यावर?"

"ते बाहेर पडल्यावर बघू."

पुढच्या आठवड्यात ती दोनदा दळणाला आली. पहिल्या खेपेला डब्यात गव्हाखाली पोरीच्या शाळेचे कागद होते. दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि तिचं ओळखपत्र. काकूंनी ते पोत्यांच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत ठेवले. नर्सताईंनी केंद्रातल्या बाईंना कळवून ठेवलं.

रांगेतल्या बायकांना सांगणं जास्त जड गेलं.

"माझी मशीनची मोटार अडकलीय त्याच्याकडे," शिंपीण म्हणाली. "आता सोडवून आणते आणि मग हो म्हणते. चालेल?"

"दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला," आणखी एक म्हणाली. "नवराबायको उद्या एक होतील, वाईट आपण ठरू."

"हो गं," आत्या म्हणाली. "आमच्या शेजाऱ्यांनाही असंच वाटायचं." मग तिनं बहिऱ्या कानावरचे केस मागे सारले. "हा कान काय गिरणीनं गेला असं वाटतं का तुम्हाला?"

पन्नास वर्षं गावानं तिच्या कानाशी मोठ्यानं बोलायचं काम केलं होतं. कान कशानं गेला ते कुणी विचारलं नव्हतं. शिंपीण उठली आणि आत्याच्या दुसऱ्या बाजूला, चांगल्या कानाकडे जाऊन बसली.

*

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला गिरण चालू होती. आत्याचाच मका होता, अर्धा दळून झालेला. आठ बायका रांगेत. गिरणीच्या आवाजातूनही पलीकडे दार आपटल्याचं कळलं. मग आवाज चढला.

"काकू, जरा जोरात…" कुणीतरी सवयीनं म्हणालं आणि गप्प झालं.

काकूंनी बटण बंद केलं.

गिरण एकदम थांबत नाही. पट्टा फटफटत राहतो, दगड आणखी वीसेक फेरे घेतात, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा हळू. त्या वीस फेऱ्यांत कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग सगळं शांत झालं, आणि आठही जणींना भिंतीपलीकडचं स्वच्छ ऐकू आलं.

"मोज. मोजता येत नाही ना तुला? मोज आता."

धप्प. आणि मिस्त्रीणीचा आवाज, "तीन."

धप्प. "चार."

पाच ऐकू आलं नाही. गिरण बंद झाल्याचं पलीकडेही कळलं होतं.

काकूंचा हात अजून बटणावरच होता. आधी उठली ती आत्या. तिनं रिकामा डबा काखेत मारला आणि म्हणाली, "चला गं. सावली तिकडे बरी आहे."

रांग जशी होती तशी उठली आणि मिस्त्रीच्या अंगणात गेली. बायकांनी जळक्या मोटारींच्या शेजारी डबे ओळीत लावले आणि बसल्या. काकूंनी दार वाजवलं.

मिस्त्रीनं दार उघडलं. सदरा आत खोचलेला होता, फक्त श्वास जोरात चालला होता. त्यानं काकूंकडे बघितलं, मग आठ डब्यांकडे.

"काय झालं काकू?"

"गिरण बंद पडलीय."

"मग बघतो ना मी. एवढ्या सगळ्या कशाला आल्या?"

"आम्ही बसलोय," शिंपीण म्हणाली. "तुमचं चालू द्या. आम्हाला काही घाई नाही."

त्याच्या मागून मिस्त्रीण आली. चौकटीला हात धरून उभी राहिली. ओठ फुटला होता. पोर तिच्या साडीत तोंड खुपसून होती. मिस्त्री अंगणात बघत होता तोवर तिनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि आत्यानं खालूनच तिचा हात धरला. मिस्त्रीनं हात पुढे केला तेव्हा मध्ये शिंपीण उभी होती, हातात डबा.

"बाजूला व्हा."

"भरलेला आहे हो. सांडेल."

डबा रिकामा होता, ते सगळ्यांना दिसत होतं. मिस्त्री थांबला. आठ बायकांसमोर हात उचलायची त्याला सवय नव्हती. आजवर त्याला एक भिंत आणि एक गिरण लागत आली होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. आवाज अजूनही सभ्य होता. "उद्यापासून या गावातल्या एकाही मोटारीला मी हात लावणार नाही. सांगा आपापल्या घरी."

*

नर्सताईंनी प्रत्येक वळ मोजून कागदावर लिहिला. केंद्रातल्या बाई दुपारच्या बसनं आल्या, मिस्त्रीणीशी दार लावून दोन तास बोलल्या, आणि तिनं सांगितलं तेवढंच लिहून घेतलं. मिस्त्रीनं तिला एकटीला भेटायचं नाही, नर्सताई हजर नसताना गिरणीकडे फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम सहाव्या दिवशी निघाला. तोवर तो तार-हत्यारं आत ठेवून घराला कुलूप लावून भावाकडे निघून गेला होता. मायलेकी काकूंच्या पोत्यांच्या खोलीत राहिल्या. पोरीला तिथे सगळ्यात जास्त आवडला तो वजनकाटा. ती रोज शाळेत जाताना स्वतःला मोजून जायची.

गावाचे ते आठ दिवस वाईट गेले. शेतावरच्या मोटारी अंगणात अडकल्या होत्या. पुरुष गिरणीवरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलत. एकानं काकूंना तोंडावर विचारलं, "आमचं पीक वाळलं तर तुमची नर्स पाणी घालणार का?" दोन घरांनी दळण दुसऱ्या गावी न्यायला सुरुवात केली. नवव्या दिवशी पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवरची मोटार जळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी समितीचे अध्यक्ष गिरणीच्या अंगणात आले. साठीचे, भारदस्त, गावातल्या कुठल्याही बैठकीत पहिला आणि शेवटचा शब्द त्यांचा. सोबत मिस्त्री होता. कोर्टाचा हुकूम होता म्हणून नर्सताईंना बोलावून घेतलं होतं. रांगेतल्या बायका उठल्या नाहीत.

"हे बघा काकू," अध्यक्ष म्हणाले, "झालं ते वाईट झालं. मिस्त्री माफी मागतायत. पण बाईचं घर एकदा मोडलं की मोडलं. मी माझ्या मुलीलाही हेच सांगत असतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, सांभाळून घ्यावं लागतं."

मिस्त्री पुढे आला. त्यानं दाढी केली नव्हती. "चुकलं माझं," तो म्हणाला. "रागात भान राहत नाही. दहा दिवस पोर दिसली नाही मला." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. काकूंना त्याची दया आली. ती आली म्हणून त्यांना स्वतःचीच भीती वाटली. याच दयेनं तीन वर्षं बटण दाबलं होतं.

"बोल पोरी," त्या मिस्त्रीणीला म्हणाल्या. "तू सांगशील तसं."

मिस्त्रीण पोत्यावर बसली होती. उठली नाही. "मी आत्ता येणार नाही," ती म्हणाली. "पुढे यायचं की नाही ते मी ठरवीन, आणि ठरलं की सांगीन."

"आणि पाणी?" अध्यक्ष म्हणाले. "सगळं गाव तहानेनं मरू द्यायचं?"

"अध्यक्षसाहेब, ह्यांना विचारा, विहिरीवरच्या मोटारीच्या एका खाचेत किती वेढे आहेत."

सगळ्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. त्यानं तोंड उघडलं. "ते मोटार खोलल्याशिवाय कसं…"

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मीच भरलीय."

अंगणात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अध्यक्ष व्यवहारी माणूस होते. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि घरी रिकामे पडलेले हंडे त्यांना आठवले असावेत. त्यांनी मिस्त्रीपुढे हात केला.

"किल्ली."

*

मोटार भरायला तीन दिवस लागले. एरवी दीड दिवसाचं काम, पण दोन बोटं पट्टीत होती. खाचेत तार सारायला शिंपीण आली. "बटणहोलपेक्षा सोपं आहे," असं म्हणाली, आणि तासाभरानं, "नाही, सोपं नाही," असंही म्हणाली. रांगेतल्या बायकांना ताकीद होती की वेढे चालू असताना बोलायचं नाही. बोललंच तर कुजबुजत. पोरीला आत्यानं गोष्टी सांगून धरून ठेवलं. काकूंनी तारांवरचं वॉर्निश वाळवायला मोटारीच्या पोटात दिवा लटकवला आणि दर तासाला तिच्यावर हात ठेवून बघितलं, ताप बघावा तसा.

शेवटची जोडणी तिनं आजवर फक्त पाहिली होती. ती करताना तिनं सगळ्यांना बाहेर घालवलं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला मोटार विहिरीवर बसवली. निम्मं गाव जमलं होतं. विहिरीत वाकून बघितलं तर पाणी फार खाली, हिरवट दिसत होतं. मिस्त्रीणीनं बटण दाबलं. मोटार घुमली, सरळ, एकाच सुरात. नळातून मात्र हातभर पाण्याची लुळी धार आली.

"झालं," मागून कुणीतरी म्हणालं. "बायकांची मोटार."

तिनं बटण बंद केलं. मोटारीच्या कडेला बसून थांबत चाललेला दांडा बघितला. त्याच्यावरच्या झाकणावर बाण कोरलेला होता.

"उलटी फिरतेय," ती म्हणाली. "लाइनच्या दोन वायरी बदलायच्या. हे दर वेळी होतं, ह्यांच्याकडूनही व्हायचं. लाइनचं आधी कळत नाही."

"मग तो करायचा तेव्हा आम्हाला नाही कळलं ते," शिंपीण मागे वळून म्हणाली. "तो बाहेर हाकलून द्यायचा ना सगळ्यांना. ही तुमच्यासमोर करतेय. बघून घ्या."

मिस्त्रीणीनं दोन वायरी काढल्या, अदलाबदल केल्या, पेच आवळले. घामानं तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. पट्टीतली बोटं वळत नव्हती, म्हणून शेवटचा पेच काकूंनी धरला. बटण दाबलं. नळ दोनदा खोकला, गढूळ पाणी आलं, मग थोडं बरं, आणि मग मनगटाएवढी धार टाकीत पडायला लागली. बायका हंडे घेऊन पुढे सरकल्या आणि लगेच नंबरावरून भांडायला लागल्या. कुणीही मिस्त्रीणीची स्तुती केली नाही. दोघातिघांनी मात्र विचारलं की आमच्या मोटारीला केव्हा हात लावशील, आणि तिनं त्यांना सांगितलं की रांग आहे.

काकू हत्यारं गोळा करत होत्या तेव्हा अध्यक्ष जवळ आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून दोराचं टोक उचललं आणि उगाच गुंडाळायला लागले.

"काकू, तो केंद्राचा नंबर. तुमच्याकडे आहे का अजून?"

"आहे. कशाला?"

ते दोर गुंडाळत राहिले. "मुलगी दिलीय ना तिकडे, लांब. दोन वर्षं आली नाही. फोन केला की दोन मिनिटांत ठेवते. म्हणते, सगळं ठीक आहे." दोर संपला. त्यांनी तो पुन्हा सोडला. "मागे एकदा बोलायला लागली होती. मी म्हणालो, सांभाळून घे. त्यानंतर बोलली नाही."

या माणसानं चारच दिवसांपूर्वी अंगणात काय म्हटलं होतं ते काकूंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"नंबर देते," त्या म्हणाल्या. "पण आधी तिला फोन लावा. काय हवंय ते विचारा."

"आत्ता?"

"आत्ताच लावा. या वेळी घरात एकटी असेल तर बोलेल."

अध्यक्षांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि कानाला लावला. मोटारीच्या आवाजात त्यांना काही ऐकू येईना. ते बांधावरून पलीकडच्या वाळलेल्या वावरात गेले, आणखी पुढे, पार लिंबाच्या झाडापर्यंत.

काकूंना इथून शब्द कळत नव्हते. दिसत एवढंच होतं की त्यांनी सुरुवातीला थोडंसं काही विचारलं. मग त्यांचं तोंड मिटलं. ते उभे होते, मग झाडाला टेकले, मग खाली ढेकळांवर बसले. इकडे आठ हंडे भरून गेले, मिस्त्रीण हात धुऊन पोरीला शाळेत सोडायला गेली, तरी ते तिथेच बसून होते, फोन कानाला घट्ट लावून, आणि इतक्या वेळात एकदाही बोलले नाहीत.